लाइट गेली की नीट व्हायचं

पहिली काही वर्षं आमच्या यंत्राची मेमरी भारनियमनाने सांभाळली, हे मला फार उशिरा कळलं. यंत्र म्हणजे दूध संकलन केंद्रावर ठेवायचा छोटा डबा. १२८ एमबी रॅम, आत लिनक्स, एका बाजूला वजनकाटा आणि फॅट मशीन, दुसऱ्या बाजूला पावतीचा प्रिंटर आणि थ्रीजी डोंगल. बीड जिल्ह्यात आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या भागांत आमचे बरेच डबे होते. कंपनी पुण्यातली, मी बीडचा, त्यामुळे तिकडची तक्रार आली की ती माझ्या टेबलावर. ते रास्तही होतं, कारण काटा आणि फॅट मशीन डब्याला जोडणाऱ्या यूएसबी कन्व्हर्टरचा ड्रायव्हर मीच लिहिला होता. ड्रायव्हर म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, कर्नलच्या, आत राहून काम करणारा कोड. चूक त्यातच होती. पण ती शोधताना मी ज्या चुका केल्या, त्या मूळ चुकीला लाजवतील अशा होत्या.

साधा प्रोग्राम मेमरी घेऊन परत द्यायला विसरला तर फार बिघडत नाही. तो बंद झाला की कर्नल त्याच्याकडून सगळी वसूल करतं. कर्नलच्या आतलाच कोड विसरला तर वसुली करणारं वर कोणी नसतं. आमच्याकडे दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि हंगामात ती फिटली नाही तर अंगावर राहते, पुढच्या हंगामाला तिच्यातच भर पडते. कर्नलमधली विसरलेली मेमरी अशीच अंगावर राहते. फरक एवढाच, की यंत्राची वीज गेली की वही कोरी होते. मुकादमाची होत नाही.

आणि वीज जायचीच. परळीचं औष्णिक केंद्र आमच्याच जिल्ह्यात, आणि २०१५ साली धरणात पाणी नाही म्हणून तेच बंद ठेवावं लागलं होतं. त्यामुळे लाइट कधी असेल नि कधी नसेल यावर घरात कोणी चर्चा करत नाही. दिवसातून एकदा तरी डबा बंद पडायचा, लाइट आली की चालू व्हायचा, मेमरी पहिल्यासारखी. पुढे केंद्रचालकांनी इन्व्हर्टर बसवायला सुरुवात केली. डबे आठवडेच्या आठवडे सलग चालू राहू लागले, आणि तीन-चार आठवड्यांनी मरू लागले.

आष्टी तालुक्यातल्या एका केंद्राच्या चालकांना मी अण्णा म्हणायचो. त्यांनी फोनवर पहिल्याच दिवशी निदान सांगितलं होतं: "साहेब, इन्व्हर्टर बसवल्यापासून ह्याचं तंत्र बिघडलंय. आधी लाइट गेली की आपोआप नीट व्हायचं."

यात सगळं होतं. यंत्र सलग चालल्यावर बिघडतं, बंद-चालू केलं की सुधारतं. एवढ्यावरून मेमरी गळतीचा संशय कोणत्याही विद्यार्थ्याला यायला हवा. मी मात्र 'इन्व्हर्टर' हा एकच शब्द ऐकला आणि त्यांना अर्थिंग तपासून घ्यायला सांगितलं. त्यांनी वायरमन बोलावला, खड्डा खणला, मीठ-कोळसा टाकला, तांब्याची पट्टी आणली. अर्थिंग झकास झालं. डबा पुढच्या महिन्यात पुन्हा मेला.

मग लॉग मागवले. शेवटच्या ओळींत कर्नलने लिहिलं होतं की मेमरी संपली, म्हणून अमुक प्रोग्राम मारला. तो प्रोग्राम म्हणजे आमच्या नोंदणीचं ॲप, आणि ते टीममधल्या एका मुलीने लिहिलेलं होतं. मी बैठकीत तो लॉग पडद्यावर लावला. तिने पुढचे कित्येक दिवस तिच्या कोडची ओळन् ओळ चाळली, ॲप व्हॅलग्राइंड या मेमरी गळती शोधणाऱ्या साधनाखाली चालवलं. काही निघालं नाही. तिने मला विचारलं, "पण माझं ॲप तर बारा-तेरा एमबीच खातंय, बाकीची कुठं गेली?" मी म्हणालो, मोजण्यात चूक होत असेल.

कर्नलमधला हा मेमरी संपल्यावर मारणारा भाग, ज्याला आम्ही ओओएम किलर म्हणतो, गुन्हेगार शोधत नाही. ज्याला मारल्याने जास्तीत जास्त मेमरी मोकळी होईल असा प्रोग्राम तो निवडतो. छोट्या डब्यात सगळ्यांत मोठं ॲप एकच, म्हणून दर वेळी तेच मारलं जायचं. त्या मारण्याच्या ओळीवर, त्याच लॉगमध्ये, मेमरीचा पूर्ण हिशेब छापलेला होता: किती पानं ॲपकडे, किती फाइलींच्या कॅशमध्ये, आणि 'स्लॅब अनरिक्लेमेबल' म्हणजे कर्नलने स्वतःच्या कामासाठी घेतलेली नि सहजी परत न मिळणारी किती. तो शेवटचा आकडा निम्म्या रॅमच्या वर होता. मी लॉगची शेवटची ओळ वाचली होती, वरच्या चाळीस वाचल्या नव्हत्या. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर त्यांत होतं. तिची माफी मी पुढे मागितली, पण ती बैठकीत मागितली नाही, जेवणाच्या सुट्टीत मागितली. हे मला आजही टोचतं, कारण आरोप चारचौघांत केला होता.

त्यानंतरचा माझा उद्योग सांगायलाही लाज वाटते. कुठंतरी वाचलं होतं की कर्नलच्या ड्रॉप-कॅशेस या फाइलीत ३ लिहिलं की मेमरी मोकळी होते. लिहून पाहिलं, मोकळ्या मेमरीचा आकडा चांगलाच वाढला. मी दर तासाला ते लिहिणारी ओळ क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या यादीत, टाकून मोकळा झालो. पण त्याने मोकळी होते ती फाइलींची कॅश आणि फोल्डर-फाइलींच्या नावांच्या नोंदी, म्हणजे जी मेमरी कर्नल गरज पडल्यावर आपणहूनही सोडून देतं तीच. गळलेल्या मेमरीला त्याचा धक्काही लागत नाही. कर्नलच्या कागदपत्रांतही लिहिलंय की कॅशची वाढ आवरायचं हे साधन नव्हे. आमचा डबा आता दर तासाला स्वतःच्या कामाच्या फाइली विसरून पुन्हा कार्डावरून वाचायचा, म्हणून पावती छापायला उशीर व्हायचा, आणि मरायचा तेव्हाच मरायचा.

मग मी रात्री दोनचा रीबूट टाकला.

या धंद्यातल्या कुणालाही विचारा, हा उपाय प्रत्येकाने कधीतरी केलेला असतो. मीही तो 'तात्पुरता' म्हणूनच केला. तक्रारी थांबल्या. साहेब खूश झाले. पण मेमरी गळतीचा पुरावा फक्त चालू यंत्राच्या पोटात असतो, आणि मी तो रोज रात्री आपल्या हाताने पुसत होतो. भारनियमन जे करत होतं तेच काम मी वेळापत्रक लावून करायला लागलो होतो.

शिवाय त्याने एक नवी आपत्ती आणली. डब्यात घड्याळाचा सेल नव्हता, खर्च वाचवायला काढलेला. वीज येऊन डबा सुरू झाला की ॲप पडद्यावर तारीख दाखवायचं, अण्णा ती बघून हिरवं बटण दाबायचे, मगच काम सुरू. रात्री दोनला बटण दाबायला कोण असणार? म्हणून मी ती विचारणाच काढून टाकली. नेटवर्क मिळालं की तारीख आपोआप दुरुस्त होईल असा हिशेब. नेटवर्क नसेल तेव्हा काय, हा विचार पुण्यात बसून सुचला नाही. लिनक्सचं घड्याळ १ जानेवारी १९७०च्या मध्यरात्रीपासून सेकंद मोजतं. ती मध्यरात्र ग्रिनिचची, आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजलेले. रात्री दोनला डबा उठायचा, घड्याळात साडेपाच. सकाळी सहाला दूध यायला लागलं की घड्याळात साडेनऊ. वेळ सकाळचीच दिसत असल्याने पावतीकडे बघून कुणाला शंका येत नसे. तारखेकडे कोण बघतं?

बिल काढताना बघितलं जातं. आमच्याकडे दुधाचा पगार दहा दिवसांनी होतो. ॲप दहा दिवसांच्या नोंदी गोळा करायचं, १९७०च्या नोंदी त्यात बसायच्या नाहीत. हे सगळं २०१९च्या उन्हाळ्यात. जिल्ह्यात दुष्काळ, जनावरं चारा छावण्यांत, दूध आधीच आटलेलं, आणि ज्या घरात एका गाईच्या दुधावर किराणा चालतो तिथल्या काही सकाळी पगारातून गायब. अण्णांनी स्वतःच्या वहीवरून प्रत्येकाचा हिशेब जुळवून दिला. ती वही त्यांनी ठेवली होती म्हणून निभावलं. यंत्र आल्यावर वही बंद करा, असं त्यांना सांगणाऱ्यांत मीही होतो.

एवढं झाल्यावर अण्णांच्या डब्यातला रीबूट काढला, एक डबा पुण्यात आणला आणि पहिल्यांदा मोजायला बसलो. आधी हे का केलं नाही? खरं सांगायचं तर ड्रायव्हर माझा होता, आणि तो तपासायची वेळ येऊ नये असंच मला आतून वाटत होतं. बाकी सगळ्यांचा कोड मी तपासला होता.

मेमइन्फो या फाइलीत 'एसअनरिक्लेम' नावाचा एक आकडा असतो. तो दर दहा मिनिटांनी टिपत राहिलो. सरळ रेघ. प्रयोगशाळेत गळतीच नाही! लाइट पुण्यातही जाते, पण आमच्या टेबलाखाली मोठा यूपीएस. दोन आठवडे रेघ हलली नाही आणि मी 'अडचण तिथल्या हवेत आहे' असं म्हणायच्या बेतात होतो.

मग अण्णांच्या केंद्रावर जाऊन बसलो. हे काम फोनवरच्या पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. संध्याकाळच्या पाळीला दूध गार करणाऱ्या टाकीचा कॉम्प्रेसर सुरू झाला की दिवा क्षणभर मंद होतो. शेजारच्या शेतातला पंप चालू झाला की पुन्हा. इन्व्हर्टर लाइटवरून बॅटरीवर जाताना आणखी एक झटका. डबा या झटक्यांत तग धरायचा, पण यूएसबी कन्व्हर्टर मान टाकायचा आणि लगेच पुन्हा जागा व्हायचा. कर्नलच्या लॉगमध्ये 'यूएसबी डिस्कनेक्ट' अशी ओळ, लगेच खाली नव्याने जोडल्याची ओळ. दिवसातून तीस-चाळीस वेळा. ॲप इतक्या सफाईने पुन्हा जोडून घ्यायचं की अण्णांना पत्ता लागत नसे. मी एसअनरिक्लेम बघत होतो. दर झटक्याला एक पायरी वर.

पुण्यात परतून कन्व्हर्टरची वायर हाताने काढ-घाल केली आणि रेघ चढू लागली. स्लॅबटॉप लावल्यावर दिसलं की फुगतोय तो केमॅलॉक-४०९६, म्हणजे चार किलोबाइटच्या तुकड्यांचा साठा. कोण घेतोय ते मात्र त्यावरून कळत नाही, कारण त्या साठ्यातून कर्नलमधले शेकडो जण तुकडे नेतात.

यासाठी कर्नलमध्ये केमेमलीक नावाचं साधन आहे. कॅटलिन मारिनास यांनी ते लिहिलं, आणि २००९ साली २.६.३१ या आवृत्तीपासून ते कर्नलचा भाग आहे. ते दर दहा मिनिटांनी कर्नलची मेमरी चाळतं, आणि ज्या तुकड्याचा पत्ता कुठंच लिहिलेला सापडत नाही त्याला बेवारस ठरवून, तो कुणी घेतला होता याच्या मागसह यादीत टाकतं. मी ते चालू करून कर्नल बांधलं, यादी दर तासाला फाइलीत उतरवणारी स्क्रिप्ट लावली. यादी रिकामी. दुसऱ्या दिवशीही रिकामी. मी टीमला लिहून कळवलं की ड्रायव्हरमध्ये गळती नाही.

प्रत्यक्षात केमेमलीक चालूच झालं नव्हतं. त्या आवृत्तीत, यंत्र उठताना पहिल्या काही क्षणांतल्या नोंदी ठेवायला एक छोटी जागा असे. ती अपुरी पडली की केमेमलीक तसं लॉगमध्ये सांगून स्वतःला बंद करून घ्यायचं. यादीची फाइल तयारच होत नसे. माझी स्क्रिप्ट नसलेली फाइल वाचत होती, 'अशी फाइल नाही' हा संदेश येत होता, आणि मी सवयीने सगळे चूक-संदेश डेव्ह-नलमध्ये, म्हणजे कचऱ्यात, ढकललेले. राहिलं ते कोरं पान, आणि कोऱ्या पानाचा अर्थ मी 'निर्दोष' असा लावला.

जागा वाढवून पुन्हा बांधलं. आता यादीत एक नाव आलं, आणि तेही माझ्याच ड्रायव्हरचं! जोडणी फसली तर बत्तीस बाइटची एक अक्षरमाला सोडायची राहत होती. ती दुरुस्त केली, पेढे वाटले. अक्षरशः वाटले. चार किलोबाइटचे तुकडे शेकड्यांनी गळत असताना मी बत्तीस बाइटवर समाधान मानलं, कारण साधनाने दुसरं काही दाखवलं नव्हतं. पेढे संपायच्या आत रेघ पुन्हा चढलेली दिसली.

साधन खोटं बोलत नव्हतं. ते शोधतं बेवारस तुकडे. माझे तुकडे बेवारस नव्हते. एका यादीत नीट गुंफलेले होते, यादीचं टोक ड्रायव्हरच्या जागतिक चलात होतं, केमेमलीकला तो पत्ता सापडायचा आणि ते पुढे जायचं. मालक आहे पण मालकाला आठवण नाही, अशी मेमरी त्याला दिसत नाही.

शेवटी कामी आला तो जुना, ओबडधोबड मार्ग. यंत्र उठताना स्लब-डीबगला 'यू' हे अक्षर आणि केमॅलॉक-४०९६ हे नाव दिलं, की त्या साठ्यातला प्रत्येक तुकडा कोणत्या फंक्शनने घेतला याची नोंद कर्नल तुकड्याबरोबर ठेवतं. सगळ्याच साठ्यांना लावलं असतं तर १२८ एमबीत डबा उठलाही नसता, म्हणून एकालाच. मग त्या साठ्याची अ‍ॅलॉक-कॉल्स ही फाइल उघडायची. पहिल्या ओळीत हजारांवर आकडा आणि पुढे माझ्या प्रोब फंक्शनचं नाव. वायर एकदा काढून घातली, आकडा सोळाने वाढला. पुन्हा घातली, पुन्हा सोळा. कन्व्हर्टर जोडला गेला की वाचनासाठी मी चार किलोबाइटचे सोळा बफर घेत होतो. चौसष्ट किलोबाइट, दर झटक्याला. दिवसाला दोन-अडीच एमबी. तीन-चार आठवड्यांचं गणित बरोबर जुळलं.

कोड उघडला. वायर निघते तेव्हा ॲपने पोर्ट उघडं ठेवलेलं असतं, बफर लगेच सोडले तर ॲप मोकळ्या झालेल्या मेमरीत हात घालेल, हे मला लिहिताना माहीत होतं. म्हणून तेव्हा मी ते एका यादीत टाकले होते, पोर्ट बंद होताना सोडायचे म्हणून. पोर्ट बंद करण्याच्या फंक्शनमध्ये मात्र त्या यादीचा उल्लेखच नव्हता. तिथं माझ्याच नावाची टीप होती: यादी रिकामी करणे, नंतर.

आणि एवढं सगळं कळूनही पहिली दुरुस्ती मी घाईने केली. यादीची कटकटच नको म्हणून वायर निघताक्षणी बफर सोडून दिले. म्हणजे जे टाळायला यादी केली होती तेच. तो कोड अण्णांच्या डब्यावर चढला, संध्याकाळी कॉम्प्रेसर सुरू झाला, आणि रांगेत किटल्या घेऊन माणसं उभी असताना कर्नल पॅनिक. आधी डबा महिन्यातून एकदा मरायचा, आता रोज. अण्णा फोनवर एवढंच म्हणाले, "जुनंच टाका साहेब, ते निदान सांगून मरायचं."

बरोबर रीत मोजणीची आहे. वायर जोडली की आणि पोर्ट उघडलं की वापरणाऱ्यांची संख्या एकाने वाढवायची, बंद झालं की कमी, वायर निघाली की कमी, आणि शून्य करणारा जो कोणी असेल त्याने मेमरी सोडायची. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी २००४ साली केरेफ नावाने ही सोय कर्नलमध्ये आणली. यूएसबी ड्रायव्हर कसा लिहावा याचा त्यांनीच लिहिलेला नमुना, यूएसबी-स्केलेटन, कर्नलच्या झाडातच आहे, आणि त्यात नेमकी हीच रीत वापरलेली आहे. माझ्या संगणकावर ती फाइल पहिल्या दिवसापासून होती. मी सुरुवात मात्र चिप विकणाऱ्याने दिलेल्या कोडवरून केली होती, कारण तो लगेच चालला.

नव्या कर्नलमध्ये हे पुष्कळ सोपं झालंय. २०२४च्या ६.१० आवृत्तीपासून ॲलॉकइन्फो नावाची फाइल मिळते. कोडच्या कोणत्या ओळीने किती मेमरी धरून ठेवलीय याचा हिशेब त्यात सरळ येतो, आणि चालू यंत्रावर ठेवता येईल इतका तो हलका आहे. माझी ती ओळ पाच मिनिटांत दिसली असती. अर्थात त्यासाठी आधी आपल्याच ड्रायव्हरकडे बघायची तयारी लागते, आणि लॉगमधल्या त्या चाळीस ओळींना तेव्हाही कुलूप नव्हतं.

केरेफचा ड्रायव्हर चढल्यापासून अण्णांच्या डब्याची रेघ सपाट आहे. अर्थिंगचा खर्च कंपनीकडे मागितला, तर वायरमनची पावती हवी म्हणाले. ती नव्हती, मी खिशातून दिला. अण्णांनी निम्मेच घेतले, अर्थिंग चांगलं झालंय म्हणून. तारखेची विचारणा आणि हिरवं बटण परत आणलंय. क्रॉनमधल्या माझ्या दोन्ही ओळी, दर तासाची आणि रात्री दोनची, काही डब्यांत अजून आहेत. त्या काढायला पेनड्राइव्ह घेऊन केंद्रावर जावं लागतं. आष्टीतले डबे झाले, पाटोदा आणि शिरूर कासार राहिलेत.